पडद्यामागचा वाद्यमेळ

गणपती बसले, गावची जत्रा भरली, की चावडीच्या नाहीतर एस. टी. स्टँडच्या भिंतीवर रंगीत कागद चिकटतो : ‘आज रात्री ९ वाजता ऑर्केस्ट्रा’. मग आजीबाईसुद्धा नातवाला विचारतात, “आज आर्केष्टा आहे ना रे?” शब्द आपल्यात इतका मुरला आहे की तो परमुलखातून आला, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. आला मात्र फार लांबून. प्राचीन ग्रीक नाट्यगृहात रंगमंचासमोर एक गोल मोकळी जागा असे. तिथे गायक-नर्तकांचा समूह नाचे, गाई. त्या जागेचे नाव ऑर्केस्ट्रा. पुढे युरोपात रंगमंचासमोरच्या जागेत वादक बसू लागले आणि जागेचे नाव वादकांच्या ताफ्याला मिळाले. आपल्याकडे आल्यावर या शब्दाने आणखी एक कोलांटी घेतली. आपण ऑर्केस्ट्रा म्हणतो तो नुसता वादकांचा ताफा नव्हे. सिनेमातली गाणी लोकांसमोर उभे राहून म्हणण्याचा जो कार्यक्रम, तो सगळाच्या सगळा ऑर्केस्ट्रा. गाणारा आला, गाणारी आली, दोन गाण्यांच्या मध्ये नकला करणाराही आला. आता गंमत पाहा, जो शब्द मुळात वाजवणाऱ्यांचा, त्यात वाजवणारेच मागच्या रांगेत गेले.

या मागच्या रांगेचा इतिहास मी तुम्हांला सांगणार आहे. सिनेमाचे संगीत तुम्ही रेडिओवर ऐकता, तबकडीवर ऐकत होता, आता खिशातल्या फोनवर ऐकता. पण तेच संगीत पन्नास-शंभर वादक समोर बसून वाजवताहेत आणि आपण ते डोळ्यांनी पाहतो आहोत, हा अनुभव निराळा आहे. तो निराळा का, हे कळायचे तर वादक आधी डोळ्यांआड कसे गेले, ते पाहावे लागेल.

आपल्या गावरान करमणुकीत वादक कधीच लपलेला नव्हता. तमाशात ढोलकीवाला पुढे, तुणतुणेवाला सुरत्या पाठीशी. ढोलकीवर थाप पडली की फेटे उडायचे ते त्याच्या नावाने. कीर्तनात बुवांइतकाच मृदंगी महत्त्वाचा. संगीत नाटकाचीही तीच तऱ्हा. रंगमंचापुढे ऑर्गनवाला, सारंगिया, तबलजी बसत, आणि पहिल्या घंटेआधी रसिक मंडळी डोकावून पाहत, आज साथीला कोण? गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत. बालगंधर्वांचे नाव जसे घरोघरी, तसेच या दोघांचेही जाणत्या लोकांच्या तोंडी असे. एखाद्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला तर त्यात या साथीचा वाटा किती, याचा हिशेब प्रेक्षकालाही ठाऊक होता.

सिनेमा आला तेव्हाही वाद्ये आधी उघड्यावरच होती. पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन पहिला खेळ केला, तेव्हा चित्रे मुकी होती, पण शेजारी पियानो वाजत होता. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात हाच खेळ आला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात लागला. त्यानंतरची सतरा-अठरा वर्षे आपल्याकडे मूकपटांची. हे मूकपट खऱ्या अर्थाने मुके कधीच नव्हते. पडद्यापाशी पेटी आणि तबला असे. मोठ्या शहरातल्या, गोरे लोक जात अशा थिएटरांत पियानो, व्हायोलिन आणि शिंगे असत. पडद्यावर घोडा दौडू लागला की तबला दौडे, नायिकेच्या डोळ्यांत पाणी आले की पेटी करुण सूर धरी. तेव्हा असे म्हणायला हरकत नाही, की सिनेमाचे संगीत जन्मले ते समोरासमोरचे संगीत म्हणूनच. त्या काळच्या प्रेक्षकाला वेगळ्या जलशाचे तिकीट काढावे लागत नव्हते.

पुढे सिनेमा बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. त्यात सात गाणी होती. त्या चित्रपटाची एकही प्रत आज कुठे असल्याचे ठाऊक नाही. तरी तो कसा तयार झाला, याच्या हकीकती शिल्लक आहेत. स्टुडिओ होता रेल्वेच्या रुळांजवळ. दिवसा गाड्यांचा खडखडाट, म्हणून बरेचसे चित्रण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर. गाणे निराळे मुद्रित करून मागाहून जोडण्याची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गाणार, आणि त्याच क्षणी साथ वाजणार. म्हणजे तबलजी-पेटीवाले जवळ हवेत, पण चित्रात दिसता कामा नयेत! मग बसवा त्यांना कॅमेऱ्याच्या कडेला, झाडाच्या आड, पडद्याच्या पाठीमागे. आपल्या देशात वादक लपला तो या दिवसापासून. वर्षभरातच, १९३२ साली, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. संगीत गोविंदराव टेंब्यांचे. ते स्वतः नामांकित पेटीवादक आणि त्या चित्रपटात नटही. त्याच साली आलेल्या ‘इंद्रसभा’ या हिंदी चित्रपटात तर सत्तरच्या आसपास गाणी होती. एवढ्या गाण्यांना किती वेळ, किती वादक झाडामागे बसले असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस आणि संगीतकार रायचंद बोराल यांनी बंगालीत ‘भाग्यचक्र’ आणि हिंदीत ‘धूप छाँव’ काढला, आणि पार्श्वगायनाची वाट खुली केली. गाणे आधी मुद्रित करायचे आणि पडद्यावरच्या नटाने नुसते ओठ हलवायचे. वादकांची झाडामागून सुटका झाली खरी, पण ते आता गेले ते थेट बंद खोलीत. तिथे प्रेक्षक नाही, दिवा तांबडा झाला की श्वाससुद्धा जपून घ्यायचा. एक फायदा मात्र झाला, आणि तो मोठा होता. झाडामागे चार माणसे मावत, खोलीत चाळीस मावू लागली.

इथे एका मराठी माणसाचे नाव घ्यायला हवे, कारण त्याने उलटी चाल केली. प्रभातचे केशवराव भोळे. पियानो, व्हायोलिन अशी परदेशी वाद्ये मराठी गाण्यात त्यांनी मोठ्या डोळसपणे आणली. पण १९३७ सालच्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत म्हणून काही वाजवायचेच नाही, असे ठरले. घड्याळाचा आवाज, रस्त्यावरचे आवाज, जे प्रसंगात आहे तेवढेच ऐकू येईल. वाद्ये हाताशी असताना ती न वाजवणे, याला मोठी समज लागते. ती सर्वांनाच होती असे नाही.

चाळिशीनंतर मुंबईच्या हिंदी चित्रपटात वाद्यमेळ वाढत वाढत गेला. नौशादांच्या १९५२ सालच्या ‘आन’साठी शंभर वादक बसवले होते असे सांगतात. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यात व्हायोलिनांच्या रांगाच्या रांगा असत. आता प्रश्न असा, की एवढी माणसे एकाच वेळी, एकाही चुकीशिवाय वाजवणार कशी? आपल्या संगीताची रीत वेगळी. गुरूने सांगितले, शिष्याने ऐकले, कंठात ठेवले. गवई पुढे चालतो, सारंगी त्याच्या पावलावर पाऊल टाकते. तुमच्या गावच्या भजनी मंडळाचे पाहा. बुवा एक ओळ म्हणतात, टाळकरी तीच ओळ उचलतात, पेटीही त्याच वाटेने जाते. पाश्चात्य वाद्यमेळात मात्र बुवा एक चाल म्हणत असताना डावीकडचे दहाजण दुसरीच चाल वाजवतात, उजवीकडचे सहाजण एकच सूर लांबवून धरतात, आणि हे सारे मिळून कानाला गोड लागते! हे पाठांतराने जमत नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेला कागद असावा लागतो, आणि तो पाहता क्षणी वाजवता यावा लागतो.

हे कागद वाचणारी माणसे मुंबईला मिळाली ती मुख्यत्वे गोव्याकडून. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत. मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, तिथे पोरांना सोल्फेज शिकवी, व्हायोलिन हाती देई. चर्चमध्ये गाण्या-वाजवण्यासाठी ही तयारी. आपल्या तालमीत जशी पोरे जोर-बैठका काढीत, तशी तिथली पोरे पाच ओळींच्या रेघांवर स्वर वाचीत. शिक्षकबंधूंनी लक्षात घ्यावे, की मुंबईच्या चित्रपटसंगीताचा पाया एका अर्थी खेड्यातल्या प्राथमिक शाळेत घातला गेला. ही पोरे मोठी झाली, पोटासाठी मुंबईला आली. कुणी पोलिस बँडमध्ये गेला, कुणी मूकपटाच्या थिएटरात, कुणी हॉटेलातल्या जॅझ बँडमध्ये. पुढे बोलपटांनी सर्वांना बोलावून घेतले.

संगीतकार पेटीवर चाल सांगे. ती ऐकून कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे, हे लिहून काढणारा असे संयोजक, स्टुडिओच्या भाषेत अरेंजर. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसोझा यांनी केले, आणि ठेक्याची बाजू दत्ताराम यांनी सांभाळली. दोघेही गोव्याचे. आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. त्यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’तले शिंग गाजले ते चिक चॉकलेट यांचे. खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. त्या चित्रपटात ते आपल्या ताफ्यासह पडद्यावर दिसतात, म्हणून निदान त्यांचा चेहरा तरी लोकांनी पाहिला. बाकीच्यांचे काय? गाणे तबकडीच्या एका बाजूला बसावे म्हणून तीन-साडेतीन मिनिटांत संपवायचे. गायक आणि सारे वादक एकाच वेळी वाजवणार, तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेतल्या एकाचे बोट घसरले तर सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. रोजाचे पैसे घ्यायचे, पेटी खांद्याला लावायची आणि दुसरा स्टुडिओ गाठायचा. तबकडीवर नाव चित्रपटाचे, गायकाचे आणि संगीतकाराचे.

गायकाचे तरी कुठे सुखासुखी आले? १९४९ साली ‘महल’ आला, संगीत खेमचंद प्रकाश यांचे. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गाणारीचे नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी हे पडद्यावर मधुबालेने रंगवलेल्या पात्राचे नाव! गाणे रेडिओवर लागले आणि श्रोत्यांच्या पत्रांचा पाऊस पडला : ही बाई कोण? शेवटी कंपनीकडे चौकशी करून लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून सांगावे लागले. म्हणजे गाणाऱ्याला नाव मिळाले ते तुमच्या-आमच्यासारख्या श्रोत्यांनी पोस्टकार्डे लिहिली म्हणून. ‘मागे व्हायोलिन कोण वाजवतो’ असे विचारणारी पत्रे आली असती, तर आजचा इतिहास कदाचित निराळा लिहावा लागला असता.

रेडिओचे नाव निघाले आहे तर दोन शब्द त्याविषयी. १९५२ साली दिल्लीला आकाशवाणीने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, आणि त्याची धुरा पंडित रविशंकरांकडे दिली. सतार, सरोद, बासरी, सारंगी यांचा मेळ, रागाच्या चौकटीत. ‘वाद्यवृंद’ हा शब्द आपल्या कानांवर रुळला तो बराचसा यामुळे. आणि त्याच सुमारास नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी सिनेमाच्या गाण्यांना रेडिओवर लगाम घातला. लोक सिलोन रेडिओकडे वळले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून ती गाणी परत आणावी लागली. केसकर रसिक होते, विद्वान होते. शास्त्रोक्त संगीताविषयीची त्यांची तळमळ खोटी म्हणता येत नाही. पण मला वाटते, एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. भारतीय राग आणि पन्नास माणसांचा मेळ यांचे लग्न कसे लावावे, हा जो प्रश्न दिल्लीत रविशंकर सोडवू पाहत होते, तोच प्रश्न मुंबईच्या स्टुडिओत गोव्याची माणसे रोज सकाळी, रोजंदारीवर सोडवीत होती.

त्यांतल्या एकाला हे स्टुडिओच्या बाहेर, लोकांसमोर करून दाखवावेसे वाटले. अँथनी प्रभू गोन्साल्विस. जन्म १९२७, दक्षिण गोव्यातल्या माजोर्डे गावी. वडील चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर. घरातच व्हायोलिन शिकलेला हा मुलगा १९४३ साली नौशादांच्या ताफ्यात रुजू झाला. पुढे संयोजक म्हणून नाव झाले. प्यारेलाल शर्मा नावाच्या पोराला त्यांनी व्हायोलिन शिकवले. तेच लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल. गोन्साल्विस यांना ध्यास होता तो रागदारीतून सिंफनी रचण्याचा. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यमेळासाठी, पाश्चात्य पद्धतीने, भागाभागांत बांधलेली दीर्घ रचना. सारंग रागावर त्यांनी अशा मेळासाठी रचना केली.

१९५८ साली मुंबईत, धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांचा कार्यक्रम झाला. तुम्ही ते कॉलेज पाहिले नसेल तर सांगतो : दगडी कमानींची जुनी इमारत, आणि मधोमध मोकळे अंगण, आपल्या वाड्याच्या चौकासारखे पण कितीतरी पट मोठे. त्या अंगणात ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ या नावाखाली ११० वादक बसले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. ही काही सिनेमाची गाणी नव्हती. पण गळे सिनेमाचे, रचनाकार सिनेमाच्या वादकांतला, आणि राग व स्वरलिपी यांची गाठ घालण्याची जी विद्या तिथे दिसली, तीही सिनेमाच्या स्टुडिओत घडलेली. बंद खोलीतला मेळ उघड्या आकाशाखाली आला, आणि ज्याने तो लिहिला त्याच्याच नावावर आला. माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या ऑर्केस्ट्रांच्या इतिहासातला हा मोठा दिवस आहे. शाळेच्या पुस्तकात तो सापडत नाही.

हे पाऊल पुढे फार पडले नाही. ११० वादकांचा खर्च कोण सोसणार? निर्मात्याला तीन मिनिटांचे गाणे हवे असते, अर्ध्या तासाची सिंफनी नको असते. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात गेले, आणि परत आल्यावर चित्रपटाच्या धंद्यात न पडता माजोर्ड्यालाच राहिले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी एक धमाल गाणे केले. त्यात अंड्यातून बाहेर येणारा नायक आपले नाव सांगतो. ते नाव प्यारेलालनी गुरूला वाहिलेली ओंजळ होती. गाणे खेड्यापाड्यांत, लग्नाच्या वरातीत, बँडवर वाजले. असा कुणी माणूस खरोखरच आहे, आणि तो गोव्यातल्या एका गावी राहतो, हे नाचणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक होते. १८ जानेवारी २०१२ रोजी गोन्साल्विस वारले.

दरम्यान चित्रपटाचे वाद्यमेळ लोकांसमोर येऊ लागले होते, पण गायकाच्या पाठीशी. चीनच्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर मदतनिधीसाठी झालेला कार्यक्रम तुम्हांपैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. हुतात्मा जवानांची आठवण करून देणारे कवी प्रदीप यांचे गीत, सी. रामचंद्रांची चाल, लताबाईंचा आवाज, आणि समोर पंडित नेहरू डोळे पुसताहेत. पुढे मार्च १९७४ मध्ये लताबाई लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. १८७१ सालचे हे गोल नाट्यगृह, पाच हजारांवर माणसे बसतात. परिचय करून द्यायला दिलीपकुमार होते. त्या मैफलीच्या तबकड्या निघाल्या. त्या मिळाल्या तर अवश्य ऐका, आणि एकदा तरी लताबाईंकडे कान न देता ऐका. कठीण आहे, पण प्रयत्न करा.

आणि मग आपले गावोगावचे ऑर्केस्ट्रा. मुंबईत कल्याणजी वीरजी शहा यांनी आपला ताफा घेऊन असे कार्यक्रम पूर्वीच सुरू केले होते. त्यांची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९५४ सालच्या ‘नागिन’मध्ये जी पुंगी वाजते, जिच्यावर देशभर लोक डोलले, ती गारुड्याची पुंगी नव्हे. ती होती क्लॅव्हिओलिन, म्हणजे पट्ट्यांचे एक छोटेसे विजेवरचे वाद्य, आणि वाजवणारे हेच कल्याणजी. स्टेजवर पाहणाऱ्याला हा भेद दिसे. रेडिओवर ऐकणारा मात्र जन्मभर पुंगी समजून बसला. नंतर सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा उदंड झाले. पाच-सहा वादक, एक अ‍ॅकॉर्डियन, एक गिटार, ढोलक, तबला, कोंगो, आणि शंभर माणसांनी वाजवलेले गाणे सहाजणांनी उभे करायचे. नाके मुरडणारे म्हणतात, नक्कल आहे. असेल. पण ज्या व्हायोलिनांच्या लाटेला वीस माणसे लागली, ती एकट्या अ‍ॅकॉर्डियनच्या भात्यातून काढायची, याला नुसती नक्कल म्हणून भागत नाही.

ऐंशीच्या दशकात स्टुडिओत सिंथेसायझर आला. एका पेटीतून चाळीस व्हायोलिने निघू लागली. पुढे अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण सुरू झाले. एक वादक सकाळी येऊन वाजवून जाई, दुसरा संध्याकाळी, दोघांची गाठच पडत नसे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठे वाद्यमेळ बोलावणे जवळजवळ थांबले. दोष कुणा एकाचा नाही. मूकपटाचा पेटीवाला बोलपटाने उठवला, तसा बोलपटाचा व्हायोलिनवाला यंत्राने उठवला. पण एक गोष्ट जिवाला लागते. अरेंजरने रात्र रात्र जागून लिहिलेले ते कागद बहुतेक राहिलेच नाहीत. मुद्रण झाले की कागदाची किंमत संपली. न्यूझीलंडचे ग्रेगरी बूथ नावाचे अभ्यासक मुंबईला येऊन म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती घेत फिरले आणि २००८ साली त्यांनी त्यावर पुस्तक काढले. परक्याने यावे आणि आपल्या वादकांची नावे आपल्याला सांगावी!

म्हणून आज जेव्हा जुन्या चित्रपटसंगीताचा मोठा कार्यक्रम होतो, मग तो मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात असो की परदेशी, तेव्हा कुणीतरी आधी जुने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलेले असते. दुसरे व्हायोलिन काय वाजवते, बासरीमागे हळूच कोणते वाद्य आहे, हे कानाने वेचून ते नव्याने कागदावर उतरवावे लागते. २८ जुलै २०२३ रोजी त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, लताबाई गेल्यानंतर दीड वर्षाने, त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. वाजवायला बर्मिंगहॅम शहराचा सिंफनी ऑर्केस्ट्रा, गायला पलक मुच्छल. हिंदीचा गंध नसलेली इंग्रज मंडळी पुढ्यातला कागद पाहून आपली गाणी वाजवीत होती. माजोर्ड्याच्या चर्चमधला मेस्त हेच तर शिकवीत होता.

तुम्हांला असा कार्यक्रम ऐकण्याचा योग आला, तर काही गोष्टी सांगून ठेवतो. गुरुजी मंडळी पोरांना घेऊन गेली तर फारच उत्तम. अगदी पहिल्या रांगेचा हट्ट नको. तिथे जवळचे वाद्य कानावर आदळते आणि मागचे हरवते. मध्यभागी, थोडे उंचावर बसावे. गाणे सुरू झाल्यावर गायकाकडे सगळेच पाहतात. तुम्ही दोन कडव्यांच्या मधल्या जागेची वाट पाहा. तीस माणसांचे गज एकदम एका दिशेने वर जातात, कणसांच्या शेतावरून वारा गेल्यासारखे. तबकडीवर जी नुसती एक गोड लाट वाटे, ती किती हातांची होती, ते तेव्हा दिसते. मागे तालवाद्यांकडे पाहा. एक माणूस मिनिट मिनिट स्वस्थ बसतो, माप मोजतो, उठतो, घुंगरू एकदाच हलवतो आणि पुन्हा बसतो. त्या एका हलवण्यासाठी तो आलेला असतो, आणि ते चुकले तर गाणे लंगडते.

आणि अर्धा तास आधी जा. त्या वेळी सभागृह रिकामे असते, वादक एकेक करून येतात, खुर्च्या सरकवतात, खुंट्या पिळतात. मग कुणीतरी एक लांब सूर धरतो आणि बाकीचे सगळे आपापली वाद्ये त्या सुराला मिळवून घेतात. त्या वेळी गायक अजून आलेला नसतो. पोरांना वाद्ये दाखवायची तर हीच वेळ. कठड्याशी उभे राहून विचारले तर बहुतेक वादक कौतुकाने दाखवतात, आणि नाव विचारले तर नावही सांगतात.